‘दोष’ या मथळ्याखाली

वेन हॅवरली मॅनेजर म्हणून आमच्याकडे आला, तेव्हा त्याला मॅन्युअलमधली एकच गोष्ट कळली. ते जाड आहे. त्याआधी तो धुलाई यंत्रं विकायचा. धुलाई यंत्राबरोबर घडीचा एक कागद येतो आणि तो कोणी उघडतसुद्धा नाही. त्यामुळे आमचा विभाग त्याला पहिल्या दिवसापासून फुकटचा पसारा वाटला. तसं तो तोंडावर बोललाही. मी ते विसरले नाही, विसरण्याचा माझा स्वभावही नाही.

आमची कंपनी पॅटरसन शहरात एका जुन्या रेशीम गिरणीत होती. माझे वडील त्याच इमारतीच्या तळघरात रेशीम रंगवायचे. मी दुसऱ्या मजल्यावर मॅन्युअलची पानं मांडायची. आम्ही संगणक बनवायचो, त्यावर युनिक्स नावाची कार्यप्रणाली चालायची आणि युनिक्समधल्या प्रत्येक आज्ञेचं एक पान असायचं. पान कितीही लांबलं तरी त्याला पानच म्हणायचं. मजकूर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने लिहायचा आणि तो कागदावर मी बसवायचा. कुणी काही विचारायला आलं की इमारतभर एकच उत्तर मिळायचं, पान वाच. आमच्याकडे ‘पान वाचलं नाहीस वाटतं’ यापेक्षा मोठी शिवी नव्हती.

पानातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे पर्यायांची, एकच आज्ञा किती तऱ्हांनी चालवता येते त्याची, यादी. डावीकडे पर्यायाचं नाव, त्याच्या उजवीकडे जरा आत सरकवून त्याचा अर्थ. मग एक ओळ रिकामी. मग पुढचं नाव. या मांडणीला आम्ही टीपी म्हणायचो, कारण संगणकाला सांगायची खूण तीच होती. दोन परिच्छेदांमधलं अंतर ठरवणारी खूण होती पीडी. पीडीपुढे शून्य लिहिलं की अंतर नाहीसं व्हायचं आणि नुसतं पीडी लिहिलं की परत यायचं.

यावर आमच्या कंपनीची एक रीत बसलेली होती. कोणी लिहून ठेवली नव्हती, पण सगळे पाळायचे. एखाद्या पर्यायाबद्दल आणखी काही सांगायचं असेल, तर तो दुसरा परिच्छेद पहिल्याला चिकटवायचा, मध्ये ओळ सोडायची नाही. यादी संपल्यावर सगळ्याच पर्यायांना लागू असलेलं काही सांगायचं असेल, तर आधी ओळ रिकामी सोडायची आणि मग लिहायचं. चिकटलेलं ते त्या एकाचं, सुटलेलं ते सगळ्यांचं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हे इतकं सवयीचं झालं होतं की कोणी त्याचा विचारही करत नसे.

जानेवारीत वेनने एक निळा बाइंडर माझ्या टेबलावर आणून ठेवला.

‘‘हलिना, मॅन्युअल यात बसलं पाहिजे. एकाच बाइंडरमध्ये. विक्रीवाल्यांना दोन बाइंडर हातात धरून बोलता येत नाही.’’

‘‘एक हात रिकामा ठेवून काय करणार आहेत ते?’’

‘‘हस्तांदोलन.’’ त्याला विनोद कळला नव्हता. ‘‘मी चाळून पाहिलं. निम्म्या ठिकाणी काही छापलेलंच नाही. नुसत्या रिकाम्या ओळी. त्या काढ.’’

मी त्याला समोर बसवून रीत समजावून सांगितली. चिकटलेलं आणि सुटलेलं, दोन्ही दाखवलं. एक पान काढून पेन्सिलीने खुणा केल्या. तो ऐकत होता, म्हणजे माझ्याकडे बघत होता.

‘‘अर्थ शब्दांत असतो,’’ शेवटी तो म्हणाला. ‘‘कागदाच्या मोकळ्या जागेत नसतो. आपण काय कविता छापतोय का?’’

‘‘ओळी काढल्या तर कुठली सूचना कुणाची ते कळणार नाही.’’

‘‘वाचणारा नीट वाचेल, तर कळेल.’’

मी हे काम करणार नाही म्हणाले. त्याने ते माझ्याकडून काढून घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्या एकाला सांगून छोटासा प्रोग्रॅम करवून घेतला. त्या प्रोग्रॅमने प्रत्येक पानाच्या डोक्यावर पीडी शून्य लिहिलं आणि खाली पानात जिथे जिथे अंतर परत आणणारी पीडी होती तिथून ती पुसून टाकली. एका दुपारीत सगळं मॅन्युअल भाकरीसारखं चपटं झालं. निळ्या बाइंडरात बसलं. विक्रीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या असं ऐकलं, मी तिथे गेले नव्हते.

ओडेल टगल आमच्या मशीनच्या खोलीचा ऑपरेटर होता. खोलीत कायम थंडी असायची म्हणून तो टायवर हातविणीचा स्वेटर घालायचा. पान वाचताना ओळीखाली पट्टी धरायचा. तरुण पोरं त्याची टर उडवायची, ‘‘ओडेल, बायबल आहे का ते?’’ तर तो म्हणायचा, ‘‘बायबल मला पाठ आहे. हे नाही.’’ खरंच होतं ते. रविवारी त्यांच्या चर्चमध्ये धडा वाचायचा मान गेली कित्येक वर्षं त्याचाच होता. दुपारी आम्ही दोघं मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हॉट डॉग खायला जायचो. तो त्यावर मोहरी, कांदा, तिखट रस्सा सगळं घ्यायचा आणि स्वेटरवर एक थेंब पडू द्यायचा नाही. मला ते आजवर जमलेलं नाही.

एप्रिलमध्ये क्रॅबट्री गावच्या पाणीखात्याचं मशीन दुरुस्तीला आलं. त्यांची डिस्क मेली होती. गावातल्या सगळ्या नळांच्या मीटरची जुनी मोजणी एका टेपवर होती आणि ती तेवढीच होती. नव्या डिस्कवर नंतरची थोडी मोजणी भरलेली होती. ओडेलला सांगितलं गेलं की ही नवी मोजणीही टेपवर घे, म्हणजे सगळं एका जागी येईल.

टेपवर लिहिणाऱ्या आज्ञेचं पान त्याने काढलं. त्यात तीन पर्याय होते. पहिला, सगळं लिही. दुसरा, फक्त बदललेलं लिही. तिसरा, फक्त सूची लिही. तिसऱ्याच्या अर्थाला चिकटून पुढचा परिच्छेद होता, लिहिण्याआधी टेपवरचा जुना मजकूर पुसला जातो, कोरी टेप लावावी.

ओडेलने पट्टी धरून वाचलं. त्याला तिसरा पर्याय नको होता, दुसरा हवा होता. इशारा तिसऱ्याला चिकटलेला होता, म्हणजे तिसऱ्याचा. त्याने दुसरा वापरला. क्रॅबट्री गावची सगळी जुनी मोजणी पुसली गेली.

तो इशारा मुळात तिन्ही पर्यायांचा होता. जानेवारीपर्यंत त्याच्या आधी एक रिकामी ओळ होती.

बातमी माझ्यापर्यंत आली ती वेनच्याच तोंडून. तो टेबलाशी उभा राहून म्हणाला, ‘‘टगलला काढावं लागणार. शुक्रवारी मिसेस ड्रिस्कॉलकडे बैठक आहे. तुझ्याकडून दोन ओळींचा जबाब हवाय, इशारा पानावर छापलेला होता म्हणून.’’

मिसेस ड्रिस्कॉल म्हणजे कर्मचारी खात्याच्या प्रमुख. माणसाला ठेवायचं की काढायचं ते तिथे ठरायचं.

‘‘छापलेला होता,’’ मी म्हणाले. ‘‘चुकीच्या जागी.’’

‘‘शब्द तेच आहेत ना? एक तरी बदललाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तेवढंच लिही. छापलेला होता, त्याने वाचला नाही.’’

‘‘वाचला नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?’’

‘‘वाचला असता तर टेप पुसली असती का?’’ तो थंडपणे म्हणाला. ‘‘हे बघ, गावाला आपण सांगायचं की चूक माणसाची होती आणि माणूस गेला. प्रकरण मिटतं. नाहीतर चूक मॅन्युअलची होते, आणि मॅन्युअल तू मांडतेस. विचार कर.’’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओळी काढल्या त्याने, खापर फुटणार ओडेलच्या डोक्यावर, आणि ते फोडायला दगड माझ्या हातात. वर धमकी. मी त्याला म्हणाले, ‘‘जबाब मी देणार नाही. जे लिहायचं ते योग्य जागी लिहीन.’’ त्या क्षणी योग्य जागा कुठली ते मलाही माहीत नव्हतं, पण मागे हटायचं नाही एवढं ठरलं.

दुपारी ओडेल कोपऱ्यावर आला. हॉट डॉग मागवला आणि तसाच समोर ठेवून बसला.

‘‘खा की.’’

‘‘खातो.’’ खाल्ला नाही. ‘‘हलिनाबाई, एक विचारू? तू तर रोज बघतेस मला. मी पान वाचत नाही का?’’

‘‘तुझ्याइतकं कोणी वाचत नाही.’’

‘‘नोकरी जाईल, त्याचं मी बघीन. मेव्हण्याचं दुकान आहे, गोदामात जागा आहे. पण त्या कागदावर लिहिणार आहेत की माणसाने वाचलं नाही. तो कागद मी जाईन तिथे माझ्याआधी पोचणार. आणि चर्चमध्ये मी उभा राहून वाचायचं, लोकांनी ऐकायचं.’’ त्याने चष्मा काढला आणि पुसत बसला. ‘‘मी वाचलं. जसं छापलं होतं तसं वाचलं.’’

‘‘मला माहीत आहे.’’

‘‘तुला माहीत असून काय उपयोग? तुझ्या माहितीवर शिक्का आहे का?’’

राग इतका आला होता की मी त्याचा हॉट डॉग उचलून खाल्ला आणि पुढे दिवसभर ब्लाउजवरचा डाग मिरवला. पण शिक्का हा शब्द डोक्यातून जाईना. कंपनीचा शिक्का असलेली, कोणी हात लावू शकणार नाही अशी जागा आमच्या इमारतीत एकच होती, आणि ती प्रत्येक पानाच्या तळाशी होती.

युनिक्सच्या पानाला शेवटी एक मथळा असतो, दोष. बाहेरच्या लोकांना हे वेडेपणाचं वाटतं. कुठला दुकानदार आपल्याच मालाखाली लिहितो की याचं हँडल निखळतं? पण आमच्यात ते लिहायचं. प्रोग्रॅम लिहिणारा स्वतःच्या हाताने स्वतःच्या प्रोग्रॅमची खोड लिहायचा, आणि ज्याच्या पानावर दोष नाहीत त्याच्याकडे लोक संशयाने बघायचे. याचे दोन नियम होते. दोषाच्या नोंदीला मॅनेजरची सही लागत नाही, कारण मॅनेजर सुट्टीवर आहे म्हणून दोष थांबून राहू नये. आणि लिहिलेला दोष पुसायचा एकच मार्ग आहे, तो दुरुस्त करायचा. वेनच्या आधीचे सगळे मॅनेजर या मथळ्याला बिचकून असायचे.

नोंद मात्र पान ज्याचं त्यानेच करायची. टेपचं पान एव्हरेट सोरेन्सनचं होतं. एव्हरेट तिसऱ्या मजल्यावर अनवाणी बसायचा आणि माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. मी पान त्याच्यासमोर ठेवलं.

‘‘तुझ्या पानामुळे एक माणूस चाललाय.’’

‘‘ऐकलं. प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही. इशारा दिलेला आहे.’’

‘‘कुठे दिलाय दाखव.’’

त्याने बोट ठेवलं. मग बोट तिथेच राहिलं. त्याने पानाचं मूळ लिखाण पडद्यावर काढलं, वर सरकवलं, खाली सरकवलं. डोक्यावरचं पीडी शून्य त्याला दिसलं.

‘‘हे कोणी लिहिलं माझ्या पानात?’’

‘‘हॅवरलीने लिहवून घेतलं. सगळ्यांच्या पानात आहे.’’

‘‘आणि माझी ओळ?’’

‘‘काढली. बाइंडरमध्ये बसेना म्हणून.’’

त्याला ओडेलची काळजी वाटली असं मी म्हणणार नाही. त्याला ओडेलचं नावही नीट माहीत नव्हतं. त्याच्या पानात कोणी न विचारता हात घातला, एवढ्याने त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

‘‘दोष लिही,’’ मी म्हणाले.

‘‘प्रोग्रॅमचा दोष नाही हा. पानाचा आहे.’’

‘‘मग पानाचा लिही. कुठे लिहिलंय की पानाला दोष नसतो?’’

तो टाइप करायला लागला. दोन वाक्यं लिहिली. ‘लिहिण्याआधी टेप पुसली जाते हा इशारा तिन्ही पर्यायांना लागू आहे. या पानातून रिकाम्या ओळी काढल्यामुळे तो फक्त शेवटच्या पर्यायाचा वाटतो.’

‘‘झालं,’’ तो म्हणाला.

‘‘अजून एक वाक्य हवं.’’

‘‘कुठलं?’’

‘‘वाचणाऱ्याची चूक नाही.’’

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. ‘‘हे दोषात बसत नाही. हा निकाल झाला.’’

‘‘बसतं. दोन्ही वाक्यं वाचून गिऱ्हाईक म्हणेल, असेल ओळ गेलेली, पण नीट वाचणाऱ्याला कळलंच असतं. हॅवरली नेमकं हेच म्हणणार आहे. तुझ्या प्रोग्रॅमबद्दल उद्या कोणी म्हणालं की प्रोग्रॅम चुकला, पण हुशार मशीनने सांभाळून घ्यायला हवं होतं, तर चालेल तुला?’’

‘‘मशीन आणि माणूस सारखे नाहीत.’’

‘‘नाहीत ना. मशीनला कोणी नोकरीवरून काढत नाही.’’

त्याने खांदे उडवले आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. ‘‘तू लिही. मी पाहिलं नाही.’’

मी लिहिलं. मग खाली जाऊन ते पान त्या महिन्याच्या बदललेल्या पानांच्या गठ्ठ्यात घातलं. हा गठ्ठा दर महिन्याला सगळ्या गिऱ्हाइकांकडे टपालाने जायचा. जुनं पान काढा, नवं लावा. बुधवारी टपालवाला आला आणि गठ्ठे घेऊन गेला. वेनला मी सांगितलं नाही. नियमाप्रमाणे सांगायची गरज नव्हती, आणि असती तरी मी सांगितलं नसतं. त्याला कळलं गुरुवारी, गठ्ठ्याची कंपनीत ठेवायची प्रत त्याच्या टेबलावर आली तेव्हा.

तो माझ्याकडे आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता.

‘‘हे काढ.’’

‘‘गेलं टपालात.’’

‘‘पुढच्या महिन्यात काढून पाठव. तू तुझ्याच पायावर धोंडा पाडून घेतलायस, कळतंय का तुला? उद्या बैठकीत मी हेच दाखवणार. मॅन्युअल सदोष असल्याचं मॅन्युअलवालीनेच लिहून दिलं.’’

‘‘दाखवा. मी बाजूलाच बसलेली असेन.’’

घरी गेल्यावर मात्र मी हिशेब मांडला. मला पन्नाशी लागलेली, बाहेर कोणी दारात उभं करणार नाही, आणि पानं मांडण्याखेरीज दुसरं काही येत नाही. आईने पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, गरम करून दिल्या, त्या मी ताटात नुसत्या सरकवत बसले. ती म्हणाली, ‘‘कोणाशी भांडलीस?’’ मी म्हणाले, अजून नाही, उद्या भांडायचंय.

मिसेस ड्रिस्कॉलची खोली तळमजल्यावर होती. बाई बुटक्या, केस पांढरे, आवाज बारीक. आमच्यात त्यांना कोणी पहिल्या नावाने हाक मारत नसे. ओडेल स्वेटर न घालता कोट घालून आला होता. वेनने निळा बाइंडर सोबत आणला होता, त्यात टेपचं पान उघडून ठेवलेलं. एव्हरेट आला नाही. तो येईल अशी माझी अपेक्षाही नव्हती.

वेन बराच वेळ बोलला. गावाचं नुकसान, कंपनीचं नाव, जबाबदारी. शेवटी म्हणाला की इशारा छापलेला होता आणि ऑपरेटरने वाचला नाही.

‘‘मिस्टर टगल?’’ बाई म्हणाल्या.

‘‘वाचला, मॅडम. तो तिसऱ्या पर्यायाखाली होता. मला दुसरा हवा होता.’’

‘‘म्हणजे तुमचा वाचण्यात गोंधळ झाला.’’ बाईंनी पेन उचललं. ‘‘बघा, मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. आपण असं लिहू, मिस्टर टगल यांनी पान घाईत वाचलं. ताकीद देऊन सोडू. नोकरी राहील. आणि मिस वोयतास,’’ बाई माझ्याकडे वळल्या, ‘‘तुमचंही नाव यात येणार नाही. सगळ्यांना मान्य?’’

वेन लगेच मान्य म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. मीही ओडेलकडे बघितलं. खरं सांगते, त्याने हो म्हणावं असं मला वाटलं. नोकरी राहत होती, माझीही.

‘‘नाही, मॅडम,’’ ओडेल म्हणाला.

‘‘नाही?’’

‘‘घाईत वाचलं नाही. पट्टी धरून वाचलं. तुम्ही मला काढा, पण ते लिहू नका.’’

‘‘मिस्टर टगल, मी तुम्हाला वाचवायचा प्रयत्न करतेय.’’

‘‘माहीत आहे. आभारी आहे. पण नाही.’’

मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेने राग आणखी वाढला. मी बाईंना म्हणाले, ‘‘पान उघडंच आहे. तळाशी बघा.’’

बाईंनी बाइंडर ओढून घेतला, तळाशी दोषाखाली वाचलं. वेन घाईघाईने म्हणाला, ‘‘हे अपघातानंतर घातलंय. हिनेच. मला न विचारता.’’

‘‘खरं आहे का?’’

‘‘हो. पहिली दोन वाक्यं एव्हरेट सोरेन्सनची, तिसरं माझं.’’

‘‘कोणाच्या परवानगीने?’’

‘‘दोषाला परवानगी लागत नाही.’’

‘‘हे कुठवर गेलं आहे?’’

‘‘सगळीकडे. ज्यांच्याकडे आपलं मशीन आहे त्या सगळ्यांकडे. क्रॅबट्रीच्या पाणीखात्याकडेही पोचलं असेल.’’

बाईंनी चष्म्यावरून वेनकडे पाहिलं. ‘‘म्हणजे कंपनीने गावाला लेखी कळवलंय की वाचणाऱ्याची चूक नाही. आणि मी आज कागद करायचा की वाचणाऱ्याची चूक आहे.’’

‘‘ते कंपनीने नाही, हिने कळवलंय.’’

‘‘त्यावर शिक्का कोणाचा आहे, वेन?’’

वेनने बाइंडर मिटून आपल्याकडे ओढला. मग त्याला वाटलं की एक वाट अजून आहे. ‘‘ठीक आहे. मॅन्युअल चुकलं. मग मॅन्युअल जिच्या हातात आहे तिला जबाबदार धरा.’’

‘‘धरा,’’ मी म्हणाले. ‘‘लिहा माझं नाव. फक्त शेजारी हेही लिहा की जानेवारीत ओळी काढायला मी नकार दिला होता, आणि त्या कोणी काढल्या. मी खोटं बोलतेय का ते यांनाच विचारा.’’

बाईंनी विचारलं. वेन निळ्या बाइंडरकडे बघत बसला. मग बाईंनी पेनाला टोपण लावलं.

‘‘मिस्टर टगल, कामावर जा. तुमच्या नावापुढे मी काही लिहीत नाही. मिस वोयतास, मॅनेजरला अंधारात ठेवून टपाल पाठवल्याबद्दल तुमच्या नावापुढे मात्र लिहिणार आहे. सही करायची आहे.’’

मी सही केली. इतक्या आनंदाने मी पगाराच्या पावतीवरही कधी केली नव्हती.

‘‘आणि वेन, त्या ओळी परत आणा.’’

ओळी परत आल्या. सगळ्या पानांच्या डोक्यावरचं पीडी शून्य मी माझ्या हाताने काढलं आणि मूळच्या खुणा शोधून शोधून परत बसवल्या. मॅन्युअलचे पुन्हा दोन बाइंडर झाले. विक्रीवाल्यांनी काही दिवस तोंडं वाकडी केली आणि मग दोन्ही हातांत बाइंडर धरायला शिकले. टेपच्या पानात इशाऱ्याआधी रिकामी ओळ आली, तेव्हा वेन माझ्याकडे आला. आता त्याला नियम पाठ झाले होते.

‘‘दोष दुरुस्त झाला. आता ती नोंद काढावी लागेल तुला. नियम आहे.’’

‘‘आहे,’’ मी म्हणाले.

मी पान काढलं. पहिलं वाक्य पुसलं, कारण इशारा आता आपल्या जागी होता. दुसरं पुसलं, कारण ओळी परत आल्या होत्या. तिसऱ्यापाशी थांबले.

‘‘हेही,’’ वेन म्हणाला.

‘‘यातला दोष काय दुरुस्त झालाय?’’

‘‘यात दोषच नाहीये. वाचणाऱ्याची चूक नाही, हा काय दोष झाला?’’

‘‘मग पुसायला काय दुरुस्त करू?’’

तो एव्हरेटला विचारायला तिसऱ्या मजल्यावर गेला. एव्हरेटने त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण तो परत माझ्या टेबलाशी आला नाही. मी त्या वाक्याच्या वर एक ओळ रिकामी सोडली आणि पान छापायला पाठवलं.

तेव्हापासून टेपच्या पानाच्या तळाशी, दोष या मथळ्याखाली, तेवढं एकच वाक्य आहे. गिऱ्हाइकांचे फोन येतात. डेन्व्हरहून, टॅम्पाहून, एकदा तर अलास्काहून आला. म्हणतात, सगळं पान समजलं, पण हे शेवटचं काय आहे, कसली चूक, कोण वाचणारा. त्यांना मी थांबायला सांगते आणि फोन मशीनच्या खोलीत ओडेलला जोडून देते.